ज्येष्ठांचं वजन आणि आपली गल्ली: मराठवाड्यातले अनुभव हवेत

बालाघाटी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गावाकडून शहरात आणलेल्या आई-वडिलांचं वजन वर्षा-दोन वर्षांत बदलतं, हे इथं अनेकांनी आपापल्या घरी पाहिलं असेल. त्यावर घराघरांत ठरलेलं बोलणं होतं: भात कमी करा, साखर सोडा, सकाळी फिरून या. सगळा भार त्या म्हाताऱ्या माणसावर. त्याच्या दाराबाहेर काय आहे, ते कुणी बघतच नाही.

आमची आई केज तालुक्यातल्या गावात होती तोवर तिला कुणी "चालत जा" म्हणून सांगितलं नव्हतं. दळण, किराणा, मारुतीचा पार, एकादशीचं भजन, कुणाचं बाळंतपण, कुणाचं दुखणं, शेंगा काढायला शेतात, सगळीकडं पायीच. आता ती संभाजीनगरात तिसऱ्या मजल्यावर राहते. खाली उतरलं की फाटकापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही बाजूंनी गाड्या, बांधकामाची वाळू-खडी, चेंबरचं फुटलेलं झाकण आणि मोकाट कुत्री. एवढं ओलांडून जायचं कुठं, तर कुठंच नाही. दूध दारात येतं, भाजी नातू मोबाइलवरून मागवतो. "काम नसताना बाईमाणसानं रस्त्यानं नुसतं कशाला हिंडायचं?" असं ती विचारते, आणि तिच्या पिढीच्या बाईनं हे विचारणं मला रास्त वाटतं. जेवण पहिल्यापेक्षा कमी झालंय, तरी पोट सुटलंय आणि गुडघ्यांनी त्रास सुरू केलाय.

तुमच्या गल्लीत म्हातारी माणसं बाहेर पडतात का? पडत असतील तर कशामुळं, आणि नसतील तर नेमकं काय आडवं येतं? आहाराचे तक्ते नकोत, ते भरपूर मिळतात. आजूबाजूच्या जागेबद्दल लिहा.

सिडको_एन७

बालाघाटी दादा, संभाजीनगरातला आमचा सिडकोचा भाग आखलेला आहे. रस्ते सरळ, झाडं जुनी, जवळपास बगिचे. शहराच्या नव्या टोकाला जे फ्लॅट उभे राहतायत त्यांच्या मानानं आम्ही सुखी. तरी दोन गोष्टी नडतात.

एक म्हणजे फुटपाथ. कागदावर आहे, पायाखाली नाही. कुणी त्यावर जिना आणला, कुणी गाडीसाठी उतार केला, कुणी कुंपण घालून तुळस लावली. त्यामुळं दर घरापाशी एक चढ आणि एक उतार. माझे सासरे काठी घेऊन चालतात. ते फुटपाथ सोडून डांबरी रस्त्यावरूनच जातात, आणि मग मागून येणाऱ्या हॉर्नला दचकतात.

दुसरी गोष्ट बाहेरच्यांना पटणार नाही, ती म्हणजे पाण्याचा दिवस. जायकवाडी धरण उशाशी असून आमच्याकडं नळाला पाणी कित्येक दिवसांनी येतं, आणि येण्याची वेळ पक्की नसते. तरुण माणसं कामावर. मग पाण्यासाठी घरी थांबतं कोण? म्हातारे. आज येईल, उद्या येईल करत ते घराला बांधलेले राहतात. सकाळच्या फिरण्याची सवय लागते आणि अशा दिवसांनी मोडते. आमच्या सासूबाईंचा भजनाचा ग्रुप यातच विस्कटला.

फिजिओ_परभणी

चांगला विषय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, गुडघ्याचे आणि पडण्याचे रुग्ण रोज बघते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी वजनाबद्दल. म्हातारपणी काट्यावरचा आकडा फसवतो. वयाबरोबर स्नायू झिजतात आणि साठीनंतर ही झीज वेगानं होते. स्नायू कमी झाले की बसल्या जागी शरीर जी ऊर्जा खर्च करतं तीही कमी होते. मग तेवढीच भाकरी खाल्ली तरी चरबी साठते. म्हणजे बालाघाटींचं आईबद्दलचं म्हणणं खरं आहे, जेवण कमी आणि पोट जास्त हे दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं. उलट एखाद्या आजोबांचा आकडा वर्षानुवर्षं तोच असतो आणि आतल्या आत स्नायूंची जागा चरबीनं घेतलेली असते.

बीएमआयही (उंचीच्या मानानं वजन किती, तो आकडा) जपून वापरा. म्हातारपणी पाठीला बाक येतो, मणके दबतात, उंची घटते. ६२ किलोच्या बाईची उंची १६० सेंटीमीटर असताना बीएमआय २४.२ येतो. तीच १५५ झाली की २५.८. किलो एक वाढला नाही, तरी आपल्याकडच्या २५ च्या निकषानं ती लठ्ठ ठरते. म्हणून मी कंबर मोजते (भारतीयांसाठी पुरुष ९० आणि बायका ८० सेंटीमीटरच्या वर गेल्या की लक्ष द्यायचं) आणि स्नायूंच्या अंदाजासाठी पोटरीचा घेर मोजते. पोटरी ३१ सेंटीमीटरच्या आत आली असेल तर मला वाढलेल्या पोटापेक्षा जास्त काळजी वाटते.

आता गल्ली. माझ्याकडं येणारी बहुतेक ज्येष्ठ मंडळी आळशी नाहीत, पडण्याला भ्यालेली आहेत. एकदा गटाराच्या फटीत पाय अडकला, हात मोडला नाही, नुसतं खरचटलं, तरी पुढं महिनोन् महिने बाहेर पडणं बंद. चालणं थांबलं की मांड्या उतरतात, मांड्या उतरल्या की तोल जातो, म्हणजे भीती खरी होऊन बसते. वजन या फेऱ्यात नंतर वाढतं. दर कमी झालेल्या किलोमागं प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी घटतो, हे मी रुग्णांना सांगते. पण ज्या रस्त्यावर चालवत नाही त्या रस्त्यावर राहणाऱ्याला हे सांगून काय उपयोग, हाही प्रश्न मला पडतो.

परभणीत आमच्याकडं कृषी विद्यापीठाचा परिसर आहे. रस्ते सावलीचे, गाड्या कमी, सकाळी माणसांची वर्दळ. जे जवळ राहतात ते ज्येष्ठ चालतात. जे गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतात त्यांना तिथं पोचायला रिक्षा लागते, मग ते जात नाहीत.

धारूरचा_मास्तर

सगळे वजन वाढण्यावर बोलायलेत म्हणून आमच्याकडची दुसरी बाजू मांडतो. आमच्या शाळेच्या आसपास तांडे आणि वाड्या आहेत. दिवाळीच्या आगेमागे जोडपी ऊसतोडीला कारखान्यावर जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाला माघारी येतात. मागं म्हातारी माणसं आणि लेकरं. बालाघाटच्या डोंगरावर चालायला काय कमी आहे? पाणी आणायला चालायचं, सरपणाला चालायचं, रेशनला चालायचं. बाहेर पडणं भरपूर, पण म्हाताऱ्यांची हाडं मोजून घ्या.

कारण आजी आधी नातवंडाला वाढते, उरलं तर आपण खाते. भाजीपाला आठवडी बाजारात, तोही दूर. रेशनला गहू आणि तांदूळ मिळतो, ज्वारी विकत घ्यावी लागते. दात गेलेले, भाकरी चावत नाही, दुधात कुस्करून खावी तर घरात दुभतं राहिलेलं नाही. मग चहात बुडवून टोस्ट. टोस्टाचा पुडा मात्र वाडीवरल्या टपरीवर बारा महिने मिळतो. दूध, अंडी, डाळ लांब, आणि साखर-मैदा दाराशी, अशी जागा असली की म्हातारं माणूस वाळतं तरी नाहीतर नुसतं फुगतं.

देशपातळीवरही हेच चित्र आहे. २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांपुढच्या सुमारे ७२ हजार लोकांची पाहणी झाली होती, लासी नावाची. तीत साठीपुढच्यांत चौथ्या हिश्श्याहून जास्त लोक कमी वजनाचे निघाले आणि पाचव्या हिश्श्याहून जास्त लोक जादा वजनाचे. दोन्ही एकाच तालुक्यात दिसतात, रस्ता ओलांडला की.

गंजगोलाई

लातूरहून. मी संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळं एक शंका मांडणं माझं काम आहे. बागेजवळ राहणारे म्हातारे सडपातळ दिसले म्हणून बागेनं त्यांना सडपातळ केलं असं होत नाही. ज्याला फिरायची हौस आहे आणि खिशात पैसे आहेत तोच बागेजवळ घर घेतो. शिवाय क्रम उलटाही असतो: गुडघा आधी दुखतो, मग माणूस घरात बसतो, मग वजन वाढतं, आणि आपण बोट दाखवतो रस्त्याकडं.

ही गाठ सोडवण्याचा एक मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. १९९४ ते १९९८ या काळात पाच शहरांतल्या गरीब सरकारी वसाहतींमधली साडेचार हजारांच्या आसपास कुटुंबं घेतली आणि सोडत काढली. काहींना कमी गरिबीच्या वस्तीत घर भाड्यानं घेण्यासाठी मदत मिळाली, काहींना नाही. कुणी कुठं जायचं ही संधी चिठ्ठीनं ठरली, हौसेनं नाही. दहा-पंधरा वर्षांनी त्या घरांतल्या बायकांची वजनं आणि रक्त तपासलं. २०११ मध्ये निकाल आला: संधी मिळालेल्या गटात अतिलठ्ठपणा आणि मधुमेह, दोन्ही कमी. त्या बायका लेकुरवाळ्या होत्या, ज्येष्ठ नव्हत्या, हे लक्षात ठेवा. पण वस्ती बदलली की शरीर बदलतं, याचा यापेक्षा पक्का पुरावा मला माहीत नाही.

आपल्याकडं अशी सोडत कुणी काढणार नाही. पण मराठवाड्यात घरोघरी एक प्रयोग आपोआप चालू असतो. ज्यांचे आई-वडील पाळीनं राहतात, चार महिने थोरल्याकडं लातूरला आणि चार महिने धाकट्याकडं गावी, त्यांनी दर मुक्कामाच्या सुरुवातीला आणि शेवटी वजन व कंबर लिहून ठेवावी. माणूस तोच, वय जवळपास तेच, हौस तीच, गल्ली वेगळी. हंगाम आणि सुनांचा स्वयंपाक बदलतो हे मान्य, पण दोन-तीन वर्षांच्या नोंदींतून पुष्कळ कळेल.

जाता जाता लातूरबद्दल. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि भोवती सगळा बाजार. जुन्या पेठेतले म्हातारे कामानं चालतात, कुंकू आणायला, चष्म्याची दांडी बसवायला. बार्शी रोड, औसा रोडच्या नव्या कॉलन्यांत बंगले मोठे, पण काडीपेटी आणायलाही गाडी काढावी लागते.

माळवद

गंजगोलाई सर, सोडत नाही, पण आमच्यावर जे गुदरलं त्यात हौसेला जागा नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. त्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवची ५२ गावं जुनी जागा सोडून नव्या जागी वसवली. आमचं गाव त्यातलं. कुणी कुठं राहायचं हे आम्ही ठरवलं नाही. घर केवढं मिळणार ते कुणाची जमीन किती यावर ठरलं, २५०, ४०० नाहीतर ७५० चौरस फूट.

जुनं गाव सगळं दाटीचं होतं. दगड-मातीची जाडजूड माळवदं, भिंतीला भिंत, मधी अरुंद बोळी. त्याच भिंतींनी रात्री माणसं मारली, म्हणून तसलं बांधकाम परत नको हे सगळ्यांनाच पटलं होतं, मलाही पटतं. पण त्या बोळीत भर दुपारीही सावली असायची. आजी उंबरा ओलांडून चार पावलं गेली की बहिणीचं दार, आणखी चार पावलांवर आड, वळणावर पार. दिवसातून किती वेळा आत-बाहेर व्हायची याचा हिशेब नव्हता.

नव्या गावाला शहरासारखे सरळ रुंद रस्ते दिले. गाव पसरून कितीतरी मोठं झालं. बहीण गेली दुसऱ्या टोकाच्या गल्लीत. मधी उघडा माळ, एक झाड नाही. पहिल्या काही उन्हाळ्यांत म्हाताऱ्या बायका दुपारनंतर पण घराबाहेर येत नव्हत्या, पत्र्याच्या सावलीला बसून राहायच्या. आमची आजी आधी जी काटक होती ती जाड झाली, पाय सुजायले, आणि सगळे म्हणायले की धसक्यानं झालं. धसका होताच, घरातली माणसं गेली होती. पण रोजचं चालणंही गेलं होतं, ते कुणी धरलं नाही. माझा चुलत आजा मात्र उलटा. शेत जुन्या गावाकडं राहिलं, तो रोज तेवढं लांब पायी जायचा, शेवटपर्यंत सडसडीत.

पुढं काय झालं ते सांगायला पाहिजे. लोकांनी आपापल्या दारापुढं ओटे बांधले, लिंबं लावली. ज्या गल्लीत लिंबं लवकर मोठी झाली तिथं बायका परत बाहेर बसायल्या, एकमेकींकडं जायल्या. आमच्या गल्लीला सावली यायला जितकी वर्षं लागली तितकी वर्षं आजीला नव्हती.

गोदाकाठ

माळवद दादा, वाचून फार वाईट वाटलं. आजीच्या आठवणीला नमस्कार.

मी नांदेडची, वय ६४. जे कुणी लिहिलं नाही ते लिहिते, कारण पुरुषमंडळींच्या लक्षात येत नाही. बायका बाहेर पडत नाहीत कारण बाहेर लघवीला जागा नसते. माझ्या वयाच्या निम्म्या मैत्रिणींना बीपी आहे, काहींच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असतं. ती गोळी सकाळी घ्यायची आणि फिरायलाही सकाळीच जायचं. शुगरवाल्यांना तर घटकेघटकेला लागते. मग आम्ही काय करतो? पाणी पीत नाही. किंवा घराभोवतीच दोन चकरा मारून आत येतो. माझी एक मैत्रीण रस्त्यात अडचण झाल्यापासून देवळातसुद्धा येत नाही. तिला तिच्या घरचे आळशी म्हणतात. तिनं खरं कारण सुनेला सांगितलेलं नाही, मला सांगितलं.

नांदेडमध्ये ज्येष्ठ बायका निर्धास्त जातात ती जागा म्हणजे सचखंड गुरुद्वाराचा परिसर. कुठल्याही धर्माच्या. स्वच्छ फरशी, प्यायला पाणी, बसायला जागा, स्वच्छतागृह, उजेड, आणि माणसांचा राबता. २००८ च्या गुरुतागद्दी सोहळ्याच्या वेळी भोवतालचे रस्तेही रुंद झाले. तिथं गेलं की दर्शनाच्या निमित्तानं चांगलं चालणं होतं आणि त्याला कुणी व्यायाम म्हणत नाही. एवढ्या सोयी प्रत्येक वॉर्डात एका जागी का नसाव्यात?

मोतीतलाव

जालना. ऊन विसरू नका. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की सकाळी आठनंतर म्हाताऱ्या माणसाला बाहेर काढणं धोक्याचं. म्हणजे पहाटेच निघायचं, आणि पहाटे दिवे बंद नाहीतर कुत्री टोळीनं. आमच्या मोतीबागेत ज्येष्ठ येतात, पण उन्हाळ्यात जे सुटतात ते पावसाळा लागला तरी परत येत नाहीत. आणि एक: बागेच्या फाटकाशी भजी-वड्याची गाडी असते, फळवाला नसतो. फळवाल्याला तिथं उभं राहू द्या.

फिजिओ_परभणी

गोदाकाठ ताई, तुम्ही लिहिलेलं मी छापून माझ्या खोलीत लावणार आहे. गोळीची वेळ मात्र मनानं बदलू नका, डॉक्टरांना "मला सकाळी चालायचं आहे" असं सांगून विचारा. बऱ्याचदा मार्ग निघतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये ज्येष्ठांना सोयीच्या शहरांबद्दल एक मार्गदर्शिका काढली. त्यासाठी ३३ शहरांतल्या ज्येष्ठांना विचारलं होतं, आपल्याकडची दिल्ली आणि उदयपूर त्यात होती. जगभरच्या म्हाताऱ्यांनी हेच मागितलं: बसायला बाक, वापरता येईल असं स्वच्छतागृह, न अडखळणारा फुटपाथ. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या आपल्या इंडियन रोड काँग्रेस या संस्थेच्या २०१२ च्या निकषातही फुटपाथची कड १५० मिलीमीटरपेक्षा उंच नको असं लिहिलेलं आहे, म्हणजे साधारण वीतभरही नाही. वॉर्डात अर्ज द्याल तेव्हा हा आकडा टाका. "फुटपाथ नीट करा" म्हटलं तर फरशी बदलतात आणि उंची तीच ठेवतात.

आणि मास्तर, तुमच्या वाडीवरच्या आजींना चालायला सांगणारी मी शेवटची असेन. वजन उतरवायचा प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात २० मध्ये १ या प्रमाणात घटलं, म्हणजे ५० किलोच्या माणसाचं अडीच किलो, तर दवाखाना गाठायचा. तिथं गरज प्रथिनांची आहे. मूत्रपिंडाचा आजार नसेल तर ज्येष्ठांनी वजनाच्या दर किलोमागं रोज १ ग्रॅम तरी प्रथिनं घ्यावीत. डाळीचं घट्ट वरण, भिजवून शिजवलेले शेंगदाणे, पिठलं, अंडं, हे दात नसलेल्यालाही खाता येतं.

धारूरचा_मास्तर

पिठलं जमेल ताई. आमच्या इथं हंगामात लेकरांना शाळेत पोषण आहार मिळतो. घरात एकट्या राहिलेल्या आजी-आजोबांनाही दुपारचं एक ताट तिथंच मिळालं तर बाईला नातवाच्या वाटणीत हात घालावा लागणार नाही. ग्रामसभेत हा विषय मी मांडणार आहे.

बालाघाटी (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. माळवद दादा आणि गोदाकाठ ताई, तुमचं लिहिणं आईला वाचून दाखवलं. गोदाकाठ ताईंच्या मुद्द्यावर ती गप्प बसली, आणि मग म्हणाली की कोपऱ्यावरच्या देवळाच्या मागं एक संडास आहे पण कुलूप असतं. हे ती मला कधी बोलली नव्हती. देवळाच्या विश्वस्तांना भेटलो, सकाळ-संध्याकाळ कुलूप काढायला ते तयार आहेत, सफाईचा खर्च आमची सोसायटी देईल. फाटकाजवळची खडी बिल्डरच्या माणसानं हलवली. चेंबरच्या झाकणाचा अर्ज दिलाय, १५० मिलीमीटरसकट. भाजी मोबाइलवरून मागवणं बंद केलंय, आई आता देवळाशेजारच्या गाड्यावरून स्वतः निवडून आणते आणि आमच्या आणलेल्या भाजीला नावं ठेवते.

फिजिओ ताई, पोटरी मोजायची कशी तेवढं सांगा. आई उभी राहून की बसून?

फिजिओ_परभणी

खुर्चीत बसवा, पाऊल जमिनीवर सपाट, गुडघा काटकोनात. टेप पोटरीच्या सगळ्यात जाड भागाभोवती फिरवा, मांस दाबू नका, सैलही सोडू नका. दर वेळी तोच पाय, शक्यतो सकाळी, आणि तारीख लिहा. पायाला सूज असेल तर हे माप धरू नका, आधी सूज दाखवून घ्या. दर तीन महिन्यांनी एकदा पुरे. कंबर त्याच दिवशी मोजून ठेवा, दोन्ही आकडे शेजारी-शेजारी.